विरार पाडणारे इनास अंकल

इनास अंकल रोज दुपारी जेवून हात धुतले की विरार पाडायचे. नोटीस नाही, बुलडोझर नाही, पोलीस बंदोबस्त नाही. माऊसचं एक बटण, आणि बोळिंजपासून स्टेशनपर्यंतचे सगळे टॉवर साफ.

मी विरारजवळच्या नंदाखाल गावात त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती अनधिकृत बांधकामांविरुद्धच्या पत्रकावर सही मागायला. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस बनियनवर, घामाघूम होऊन, कॉम्प्युटरवर विमान उडवत होता. कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलेलं आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला.

"पाडा म्हणतेस? हे बघ, आत्ताच पाडली. इमारती काढल्या की विमान जरा बरं चालतं."

पडद्यावर विरार नव्हतंच. खाडी, मिठागरं आणि हिरवळ.

"अंकल, हा फोटो मला पत्रकावर पाहिजे!"

"अजिबात नाही. यात तुझं घरपण गेलंय, दिसतंय का?"

आमच्या सोसायटीला अजून ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

पण हा खेळ नव्हता. मुलगी कॅनडात, बाळंतपण जवळ आलेलं, आणि अंकलची बायको, मर्सी आंटी, विमानात पाय ठेवायला तयार नाहीत. अंकलचा बेत असा, की आधी घरातच विमानाची सवय लावायची. कॉम्प्युटरवरच्या त्या विमानाच्या प्रोग्रॅमला, सिम्युलेटरला मात्र जगातलं झाडन् झाड दाखवायची हौस, आणि मशीन जुनं. चित्र गचके खात पुढे सरकायचं. आंटींना लगेच मळमळायला लागायचं.

"घरात ही गत, तर खऱ्या विमानात काय होईल? मी नाही येत. आणि तो पंखा इकडे फिरवा, माणसंपण तापतात!"

मला धीर हा प्रकार माहीत नाही. एके दिवशी अंकल पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी सगळी सेटिंग तळाला नेली. झाडं, सावल्या, इमारती, ढग, सगळं बंद. विमान कसं अलगद तरंगायला लागलं! आंटींना आणून बसवलं. त्या वाकून वाकून बघत राहिल्या.

"नंदाखाल कुठंय?"

"हे काय, आंटी."

"हे? ना केळी, ना नारळ, ना चर्च. हे तर क्रिकेटचं मैदान! आपलं गाव सोडून चाललेय, हे मला कळणार कसं?"

अंकल माझ्यावर उखडले. "सगळं एकदम बदललंस. आता गचक्यांचा गुन्हेगार कोण ते कसं शोधायचं? एका वेळी एकच!" मग माझं पत्रक उचलून म्हणाले, "इथेपण तेच. बारा मागण्या! वाचता वाचता साहेब झोपेल. एकच लिही, आणि ती मिळेपर्यंत हलू नकोस."

याचा मी इथे जाहीर निषेध नोंदवते. ते बरोबर होते, तरीही.

त्यांनी सगळं पहिल्यासारखं केलं. मग रोज तेच उड्डाण, मुंबईहून किनाऱ्याने अर्नाळ्यापर्यंत आणि वळून नंदाखालवर. दर वेळी एकच गोष्ट कमी करायची, फरक बघायचा, परत लावायची. शेवटी ढग कमी केले आणि गचके थांबले. इमारती सगळ्या जागेवर होत्या, तरी थांबले.

मी भडकले. "म्हणजे बिल्डर निर्दोष?"

"कॉम्प्युटरपुरते," अंकल म्हणाले.

त्या दिवशी आंटी खुर्चीत बसून आपल्या केळी-नारळाच्या वाड्यांवरून फिरल्या. मळमळलं नाही. "आपली विहीर नाही दाखवली मेल्यांनी," एवढीच तक्रार. मग उठल्या, पंखा स्वतःकडे फिरवला आणि म्हणाल्या, "काढा तिकीट."

पोचल्यावर अंकलचा फोन आला. वाटेत विमान चांगलंच हादरलं म्हणे. अंकल तर जपमाळ काढून बसले. आंटींनी शांतपणे हवाई सुंदरीला बोलावलं आणि सांगितलं, "बेटी, पायलट को बोलो, बादल थोडा कम करने का."