सरपंचबाईंची हजेरी

आमच्या बाईंनी वर्गात कधी मुलांची नावं पुकारून हजेरी घेतली नाही. त्या गावं पुकारायच्या. टेबलावर डस्टर आपटला की सुरू, "गव्हाण? वहाळ? केळवणे? चिंचपाडा? कोल्ही?" गाव पुकारलं की त्या गावातल्या कुणीतरी एकाने उठून सगळ्यांचा हिशेब द्यायचा. "गव्हाण चार, बाई. प्रणालीला ताप आलाय." "वहाळ तीन. रोशनच्या काकाची हळद हाय." नुसतं 'आला नाही' म्हणून सुटका नव्हती. "का नाही आला? शेजारी राहतोस ना त्याच्या?" असं विचारून बाई त्याला उभाच ठेवायच्या.

यामागचं कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं. "नाव पुकारलं की पोर आपल्यापुरतं 'हजर' म्हणतं नि खाली बसतं. गाव पुकारलं की जो आला नाही त्याची आठवण निघते." या हजेरीपायी सबंध शाळा त्यांना सरपंचबाई म्हणायची. तोंडावर नाही अर्थात. तेवढी हिंमत मुख्याध्यापकांतही नव्हती.

आमची पनवेलची शाळा म्हणजे बारमाही जत्रा. सकाळची मुलं सुटायची तेव्हाच दुपारची आत शिरायची, आणि फाटकात गावोगावच्या मिनीडोर रिक्षा अशा अडकायच्या की हवालदारसुद्धा हात टेकायचा. एकेका इयत्तेच्या अ ते ह अशा तुकड्या. अ मध्ये डॉक्टर-वकिलांची मुलं, आणि तिथून उतरत उतरत ह. आमच्याबद्दल कुणाला काही विशेष आशा नव्हती, त्यात आम्हीही आलो. पण गणिताच्या या ज्येष्ठ बाई दरवर्षी जूनमध्ये ह तुकडीच मागून घ्यायच्या. वर्गात शहरातली थोडी मुलं होती. त्यांना बाई शेवटी पुकारायच्या, "आणि बिनगावाचे?" मग मोहल्ल्यातला इम्रान उठून दोन्ही हात पसरायचा, "मोहल्ला हाजिर, बाई, सब खैरियत!" बाईसुद्धा हसायच्या. मात्र "तुमचं गाव कोणतं, बाई?" असं कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर यायचं, "मी ह तुकडीची."

नववीचा निकाल लागला की शाळेत एक रिवाज होता. कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून घ्यायचं, चहा पाजायचा आणि दहावीला बाहेरून बसायचा सल्ला द्यायचा. म्हणजे मुलगा नापास झाला तरी शाळेचा निकाल शंभर टक्केच. त्या वर्षी आमच्या तुकडीतल्या सहा-सात जणांवर ही पाळी आली, आणि त्यात मी पहिला. गणित आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नसू. माझे वडील कार्यालयात मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात सरपंचबाई न बोलावता आत आल्या. "सर, घरचं पोर कच्चं आहे म्हणून पंगतीतून उठवून ओटीवर बसवायचं का?" मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय. तुमचा नंबर आहे. निकाल बघूनच वर शिफारस जाईल." बाई म्हणाल्या, "जाऊ द्या की." आणि वडिलांकडे वळल्या, "चला, चहा झाला असेल तर निघा. पोरगा जूनमध्ये वर्गात दिसला पाहिजे."

जूनमध्ये मी वर्गात होतो, पण माझं गाव जागेवर नव्हतं. आमचं कोल्ही विमानतळात गेलं. कुणी नातेवाइकांकडे राहिलं, कुणी भाड्याने. आम्ही खारघरला एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर जाऊन पडलो. तिथे आई खालून वर यायला घाबरायची आणि वर आली की खाली जायला. माझ्या गावचे दोस्त आपापल्या नव्या घरांजवळच्या शाळांत गेले. पहिल्याच दिवशी बाईंनी पुकारलं, "कोल्ही?" मी उठून म्हणालो, "कोल्ही एक, बाई. बाकीचे पांगले." बाईंनी चष्मा काढून पुसला. "पांगले म्हणजे संपले नाहीत. कोण कुठं गेलं, शोधून ठेव. मी विचारणार." आणि खरंच, वर्षभर विचारत राहिल्या. पुष्पा दिघोड्याला मामाकडे, भावेश कामोठ्याला, असं मी सांगत गेलो. त्यामुळे शाळा सुटल्यावर मी मित्रांचे पत्ते हुडकत हिंडायचो आणि गणित होतं तिथेच राहायचं.

दहावीच्या निकालाच्या दिवशी कळलं, ह तुकडी सगळी पास. एक सोडून. मुख्याध्यापकांनी 'शंभर टक्के निकाल' असा भलामोठा फ्लेक्स आधीच छापून आणला होता, तो तसाच गुंडाळून जिन्याखाली गेला. मी गुणपत्रिका आणायलाच गेलो नाही. दार लावून पडून राहिलो. काकांनी उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला लावायचं ठरवलं होतं, सोमवारपासून. मला ते बरंच वाटत होतं. तिथे कुणी हजेरीत गाव विचारणार नव्हतं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात बाई. घामाने पदर भिजलेला, हातात चपला, कारण लिफ्ट बंद होती आणि एका चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता. नव्या घराचा पत्ता त्यांच्याकडे नव्हताच. खारघरमधल्या वॉचमनांना त्या 'कोल्हीवाले कहाँ रहते हैं' एवढंच विचारत फिरल्या होत्या. मला म्हणाल्या, "गुणपत्रिका न्यायला आला नाहीस. का नाही आलास, ते सांगायला तुझ्या गावचं कुणी नव्हतं. म्हणून मी आले विचारायला."

आई रडायलाच लागली. "बाई, पोरगा जेवत नाय, बोलत नाय. घर गेला, गाव गेला, आता ह्यो बी."

आणि आमच्या बाई, ज्यांच्या तोंडून आम्ही पुस्तकातल्यासारख्या मराठीखेरीज काही ऐकलं नव्हतं, आईजवळ जमिनीवर बसल्या. "बाय, आमचा पन घर गेला. मी जुन्या शेव्याची हाय. बंदर आला, आनि गाव उठला. मी कॉलेजान होते. कोन कंदी गेला, कुटं गेला, कुनी कुनाला ईचारलाच नाय. मंग पांगला तो पांगला." पाणी प्यायल्या आणि पुन्हा आमच्या नेहमीच्या बाई झाल्या. "जुलैत फेरपरीक्षा आहे. सोमवारी आठ वाजता शाळेत. गोदाम कुठं पळून जात नाही."

शाळेतले वर्ग आधी रंगकामासाठी बंद होते, आणि शाळा भरल्यावर एकही वर्ग रिकामा नव्हता. बाईंनी जिन्याखालून तो फ्लेक्स ओढून काढला आणि व्हरांड्यात अंथरला. महिनाभर 'शंभर टक्के'वर मांडी घालून मी बीजगणित शिकलो. मुख्याध्यापक येता-जाता बघायचे आणि खोकायचे. जुलैत मी पास झालो. पर्यवेक्षकाची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती. मी तो विषय काढायला गेलो तर बाई म्हणाल्या, "बरं झालं. पर्यवेक्षकाला ह तुकडी देत नाहीत."

पुढे मी पदवी घेतली. आता विमानतळावरच सामानाच्या विभागात आहे. आपलं घर धावपट्टीच्या कुठल्या अंगाला होतं, असं आई अजून विचारते, आणि मला नक्की सांगता येत नाही.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला सभागृह जुन्या मुलांनी भरलं होतं, कडेवर पोरं घेतलेल्या मुलीसुद्धा होत्या. भाषण करा म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "मला ते येत नाही. हजेरी घेते." गावं पुकारली गेली. भल्या दाढीवाल्या बाप्यांनी उठून हिशेब दिले, कोण दुबईला, कोण बाळंतपणाला. "कोल्ही?" मी उठलो, "कोल्ही सहा, बाई." पुष्पा आणि भावेश माझ्या शेजारीच बसले होते. बाईंनी मान हलवली आणि त्या बसायला वळल्या. मी उभाच होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवा?"

सभागृहाला काही कळेना. बाई पुन्हा माइककडे वळल्या. म्हणाल्या, "शेवा एक. बाकीचे पांगले."

"दोन, बाई!" मागच्या रांगेतून आवाज आला. गव्हाणची प्रणाली हात वर करून उभी होती, शेजारी बसलेल्या आपल्या आईला दंडाला धरून उठवत. "माजी आई शेव्याची हाय!"

बाईंनी माइक बाजूला सारला. साऱ्या शाळेसमोर, मुख्याध्यापकांसमोर, त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "मंग उबी ऱ्हा, बाय. आनि सांग मना, कोन कोन नाय आला?"