ओल्या पायांची फरशी

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की उंबऱ्यातच थबकतं आणि खाली बघतं. मग चपला काढतं, मग एक पाय असा जपून आत टाकतं, जणू कोणी झोपलेलं आहे आणि त्याला ओलांडून जायचं आहे. मग मान वर करून म्हणतं, "काय फरशी आहे हो." मी हात मागे बांधून उभा असतो. हे कौतुक ऐकताना माझा चेहरा कसा होतो ते बायकोने एकदा सांगितलं. म्हणाली, "दाढ दुखत असताना फोटो काढायला उभं केल्यासारखा."

मी कापडवाला. पौडच्या बाजारात आमचं दुकान आहे, अब्बांनी सुरू केलेलं. शाळेचे गणवेश, लुंग्या, टॉवेल, आणि मोसमात लग्नाचे बस्ते. सगळा जन्म लोकांपुढे थानं उलगडण्यात गेला. त्यामुळे मला असं वाटत आलं आहे की नजर टाकली की मला माल कळतो. कापडाच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे. बाकी बाबतीत बायकोला विचारावं.

मालेच्या रस्त्याला आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा अब्बा पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती. अब्बांना साखरेचा त्रास, तळपाय बधिर झालेले. पण पाच वेळचा वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, स्वतः करायचा, मोरीत पाटावर बसून, सावकाश, आणि पाय न पुसता तसंच ओल्या पावलांनी नमाजाला खोलीत जायचं, हा त्यांचा नेम. पाय पुसू नयेत असं धर्मात कुठे नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "पुसीन की. आठवलं तर."

घराच्या नकाशात त्यांनी लक्ष घातलं नाही. स्वयंपाकघर कुठे, जिना कुठे, देवडी ठेवायची का, काही नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "माज्या वजूच्या जागेपासनं माज्या खोलीपतूर पाय सरकायला नको. बाकी घरात तू काच लाव."

"अब्बा, त्याची काळजी तुम्ही करूच नका," मी म्हणालो. असं वाक्य मी दिवसातून वीस गिऱ्हाइकांना म्हणतो.

दगड बघायला आम्ही तिघं गेलो, पुण्याच्या वाटेवरच्या एका मोठ्या गोदामात. तिथे दगडाच्या लाद्या लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या ठेवलेल्या, एकीमागे एक, पुरुषभर उंचीच्या. विकणारा मारवाडकडचा तरुण माणूस होता, मराठी छान बोलायचा. तो एकेका लादीवर ओलं फडकं फिरवायचा. फडकं फिरलं की मळकट दिसणारा दगड एकदम उजळायचा, आतल्या राखाडी शिरा वर यायच्या. "पॉलिशनंतर असाच दिसणार, शेठ," तो म्हणायचा. आणि मी मागे सरकून, डोकं तिरपं करून, पदराची नक्षी बघावी तसा बघायचो. ही जरा भडक. ही अंगाला उठून दिसणार नाही. हिचे काठ चांगले आहेत.

"तुम्ही फरशी घेताय का बस्ता बांधताय?" बायकोने विचारलं.

अब्बा जरा मागे राहिले होते. ते आले आणि लाद्यांकडे खालून वर बघत म्हणाले, "ह्या उभ्या कशापाई ठेवल्यात?"

"बाबूजी, दगड उभाच बघायचा असतो. सगळी डिझाइन दिसते."

"मी काय भितीवर चालणार हाय?"

तो हसला. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं. मला लाज वाटली होती. अब्बांनी तेवढ्यात कोपऱ्यात जमिनीवर पडलेली एक हिरवट-करडी लादी हेरली. कोटा, बिनपॉलिशचा, कोणीतरी नमुना म्हणून टाकलेला. त्यांनी चपला काढल्या, त्या लादीवर उभे राहिले आणि विकणाऱ्याला म्हणाले, "पानी वत."

"कुठे, बाबूजी?"

"माज्या पायावर."

त्याने पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या पावलांवर ओतलं. अब्बांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं, टाच दाबली, चवडा फिरवला. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. एक जोडपं इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. "तळव्याला माज्या काय कळत न्हाई," अब्बा त्या माणसाला समजावत होते, "पर सरकलं की गुडघ्याला कळतं. हा धरतुया. हा दे."

त्या गोदामात तो सगळ्यात स्वस्त दगड होता. विकणाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पॅसेजपुरता लिहून घ्या. बाकी घराला इटालियन मार्बल, पांढरं, शिरांचं.

आमच्या दुकानात आसपासच्या गावांतून येणारी बाई, मग ती चांद्याची असो की लवळ्याची, कापड हातात घेऊन एकच प्रश्न विचारते: धुतल्यावर काय होतं? पाणी लागल्यावर काय होतं, एवढंच तिला कळायला हवं असतं, आणि तिचं बरोबर असतं. मी दिवसभर त्या प्रश्नाची उत्तरं देतो. त्या गोदामात माझ्या डोळ्यांदेखत प्रत्येक लादी ओली करून दाखवत होते, आणि तो प्रश्न मला सुचला नाही. चुरगळून बघता आला असता तर कदाचित मी दगड चुरगळूनही बघितला असता.

माल आला. दोन्ही दगड एकाच ट्रकमधून आले, हे आधीच सांगून टाकतो.

फरशी बसवणारा मिस्त्री राजस्थानचा होता, हात सोन्यासारखा. दोन लाद्यांच्या शिरा अशा जुळवायचा की सांधा शोधावा लागे. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आणि तो अब्बांच्या पॅसेजच्या तोंडाशी येऊन थांबला. "सेठ, यहाँ से कोटा डालूँ?"

मी हॉलच्या दारात जाऊन उभा राहिलो, पाहुणा उभा राहील तिथे. तिथून पॅसेज थेट दिसत होता. एवढं पांढरंशुभ्र पसरलेलं, आणि पुढे तो करडा पट्टा येणार. मला ते रेशमी साडीला गोणपाटाचा काठ लावल्यासारखं दिसलं. मिस्त्री वाट बघत होता. मी विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी विचार केला नाही. "सफेदच घाल," म्हणालो, "आणि कोटा बाहेर, गाडी लावायच्या जागेत."

अब्बांना सांगितलं, "कोटा आला नाही. बिनपॉलिशचा माल संपला म्हणे. आपण रबरी मॅट टाकू."

"बरं," अब्बा म्हणाले.

मग पॉलिशचं मशीन आलं आणि पाच-सहा दिवस फिरत राहिलं. शेवटच्या दिवशी मिस्त्रीने मला हाताला धरून हॉलमध्ये नेलं आणि छताचा पंखा जमिनीत दाखवला. मी त्याला पेढे दिले.

घर दाखवायला लोकांना बोलावलं तेव्हा बाजारातले आले, भावकीतले आले. मालेचा एक शेतकरी, अब्बांचा जुना दोस्त, तो दारातच उभा राहिला. धोतर वर धरून म्हणाला, "आरसाच की रं हा. आमी हितं चालायचं का भांग पाडायचा?" सगळे हसले. मग तो अब्बांकडे वळला. "तू चालतूस का ह्याच्यावर?"

"मला मॅट हाय," अब्बा म्हणाले.

माझी मोठी बहीण, आपा, चांद्याहून आली होती. तिचा नवरा लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजच्या पोरांना रिक्षाने वर-खाली करतो. तिने सगळं घर पाहिलं, सगळ्याला चांगलं म्हणाली. निघताना मी रिक्षापर्यंत गेलो तर तिने चपलेच्या टोकाने खालच्या दगडावर टकटक केलं. "हा कुठला दगड?"

"कोटा."

"पायाला चांगला वाटतो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. माझी स्कूटर तिथे स्टँडवर उभी होती. तिची ओल्यातसुद्धा घसरायची शक्यता नव्हती.

अब्बा तिसऱ्या आठवड्यात पडले. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाच्या वेळेला. मॅटसकट पडले, म्हणजे पाय मॅटवरून सरकला नाही, मॅटच फरशीवरून सरकली. मी दुकानात होतो. बायकोचा फोन आला तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की मॅट सरळ टाकली होती ना?

काही मोडलं नव्हतं. एक्स-रे स्वच्छ आला. मी बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलो, काही मोडलं नाही, देवाची कृपा. लोकही म्हणाले, कृपाच. पण त्या दिवसानंतर अब्बा त्या पॅसेजमध्ये एकटे उतरले नाहीत. खोलीच्या दारापर्यंत यायचे, खाली बघायचे आणि परत फिरायचे. दुपारी उन्हाची तिरीप आली की ती फरशी चमकायची, आणि त्यांच्या अधू डोळ्यांना सगळीकडे पाणी सांडल्यासारखं दिसायचं. "पुसून घे गं ते," ते सुनेला म्हणायचे. ती कोरड्या फरशीवरून कोरडं फडकं फिरवायची. त्यांचं समाधान व्हायचं नाही.

मग वजू खाटेवर सुरू झाला. खाली प्लास्टिकचा टब, आणि पाणी ओतायला कोणीतरी. सकाळी मी, बाकीच्या वेळी बायको. सुनेकडून पाय धुवून घेणं त्यांना फार जड जायचं. ती ओतायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. ती मला म्हणाली, "मी दुसरीकडे बघते हो. त्यांना तेवढंच बरं वाटतं." त्या बाईने घर बांधताना माझ्याकडे फक्त मोठी खिडकी मागितली होती.

एका सकाळी मी पाणी ओतत होतो आणि सुरतेच्या व्यापाऱ्याचा फोन आला. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने ओतत राहिलो. गणवेशाच्या कापडाचा वांधा चालला होता, माझा आवाज चढला. फोन संपला तेव्हा बघतो तर अब्बांचे पाय केव्हाच धुवून झाले होते आणि मी पाणी त्यांच्या मांडीवर ओतत होतो. पायजमा भिजला होता. अब्बा नुसते बसून होते, माझं बोलणं संपायची वाट बघत.

"सांगायचं ना अब्बा," मी म्हणालो. मी चिडलो होतो, आणि त्यांच्यावरच चिडलो होतो.

"तुजं चाललं हुतं ना कामाचं."

दुपारी त्यांनी आपाला फोन केला. ती संध्याकाळी रिक्षा घेऊनच आली. "चार दिवस नेते," म्हणाली. अब्बांनी नमाजाला अंथरायची जानमाज, दोन कपडे आणि गोळ्यांचा डबा घेतला. पॅसेजमधून त्यांना मी आणि आपाच्या नवऱ्याने दोन्हीकडून धरून आणलं. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा दोघांचे हात सोडवले आणि स्कूटरच्या बाजूने एकटे चालत रिक्षात जाऊन बसले. बसताना खाली बघितलं. "कोटा चांगला बसवलाय मिस्त्रीनं," म्हणाले. रिक्षा चालू झाली.

चार दिवसांचे आठ महिने झाले. बापाने मुलगा असताना लेकीकडे राहणं आमच्या बाजारात कोणी तोंडावर काढत नाही, पण कापड मोजून घेताना विचारतात, "अब्बा दिसत न्हाईत?" मी कात्री चालवत राहतो.

मध्यंतरी मी पॅसेज खडबडीत करून घेतला. तोच मिस्त्री आला. त्याने स्वतः घासून आरसा केलेल्या लाद्या त्याला टाकीने टोचून काढायला लावल्या. एक लादी तडकली. आता पॅसेज देवीचे व्रण असलेल्या तोंडासारखा दिसतो, आणि पाहुण्यांना मी हॉलमध्येच बसवतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी अब्बांना आणायला चांद्याला गेलो. आपाचं घर दोन खोल्यांचं, कोब्याची जमीन, जागोजागी खरवडलेली. अब्बा अंगणातल्या नळावर वजू करत होते. उठले, कशालाही न धरता पायरी चढले, ओल्या पावलांनी आत आले. मी सतरंजीवर बसलो होतो, आपाने चहा दिला होता. शेजारचा एक म्हातारा अब्बांना जुम्म्याच्या नमाजाला सोबत न्यायला आला होता, तोही दारात टेकला.

"अब्बा, पॅसेज खडबडीत करून घेतलाय," मी म्हणालो. "आता अजिबात सरकत नाही. मी स्वतः पाणी टाकून चालून बघितलं."

"फुटली का एखादी?"

"एक."

"वाईट झालं. महागाची हुती," ते म्हणाले. आणि टोपी शोधू लागले.

शेजाऱ्याने विचारलं, "हे कोन?"

"हा माजा मुलगा. लई मोठं घर बांधलंय त्यानं, मालेच्या रस्त्याला. बघण्यासारखं हाय."

"मग तुमी हितं कसं?"

आपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलतो का ते. अब्बांनी टोपी घातली, नीट केली. "मला करमत न्हाई तितं," ते म्हणाले. "त्यो लई बोलवतो. मीच जात न्हाई."

शेजारी माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला.

"म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं," मी म्हणालो, आणि चहा संपवला.