हरवलेल्या म्हाताऱ्याला सातवा महिना

हरवलेल्या माणसाची एकाच दिवशी रिसोडला दाढ उपटली जाते, मालेगावला त्याच्या पायाला प्लास्टर चढतं आणि वाशीमला त्याला सातवा महिना असल्याचं निघतं, हे माझ्या नोकरीत एकदाच घडलं. निवृत्ती जवळ आली होती. अजून आठवलं की डोकं गरगरतं.

केनवडकडच्या एका वस्तीवरचा शेतकरी ठाण्यात आला. चाळिशीचा, घामाने निथळलेला. गुडघे दाखवायला म्हाताऱ्या बापाला त्याने वाशीमच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी संगणकावर बापाचे जुने रिपोर्ट उघडले आणि म्हणाले, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, फार वाईट आहे, लगेच भरती करा. मुलगा खाटेची चौकशी करायला वळला, तेवढ्यात बाप पसार.

"साहेब, त्याले कवा बी अटॅक येईल. लवकर शोधा."

मिसिंगची तक्रार दाखल केली, वायरलेसवर वर्णन दिलं. म्हाताऱ्याचा फोन चालू होता, पण मुलाचा आणि आमचा तो उचलत नव्हता. टॉवर पोहरादेवीचा, आणि तिथं यात्रा. 'धोतर, पांढरी टोपी, वय सत्तर' या वर्णनावर मला निम्मी यात्रा अटक करावी लागली असती.

मग आमच्या सायबरवाल्या शिपायाने नवीनच वाट काढली. दवाखान्याचे कागद फोनमध्ये साठवायची एक ऑनलाइन सोय असते. नव्या डॉक्टरला ते दाखवायचे तर खातेदाराच्या फोनवर ओटीपी येतो, तो सांगितला की कागद उघडतात. बापाचं हे खातं मुलाच्या फोनवरही दिसत होतं. शिपायाने उघडलं, तर दाढ, प्लास्टर आणि सातवा महिना, तिन्ही नोंदी त्याच दिवसाच्या. मी तीन दिशांना तीन गाड्या सोडल्या. ठाण्याला गाडी एकच होती, पण तो मुद्दा वेगळा.

थोड्या वेळाने वाशीमहून हवालदाराचा फोन आला. "साहेब, इसम मिळाला. पण इसम बाई आहे. ताब्यात घेऊ का?"

बाईला राहू द्या म्हटलं, सोबत कोण आहे त्यांना आणा. सोबत सासू होती, त्याच वस्तीवरची. मी दरोडेखोर बोलते केलेले आहेत, एकदा तर मुका साक्षीदारसुद्धा, पण या बाईपुढे माझी चौकशी चालेना. मी बसा म्हणायच्या आत ती बसली आणि चहात साखर कमी आहे म्हणाली. मग सांगितलं ते असं: वस्तीवर इंटरनेटचा फोन पहिल्यांदा आबाजीकडे, म्हणजे आमच्या हरवलेल्या म्हाताऱ्याकडे, आला. तेव्हापासून सगळे आपापले कागद आबाजीच्याच खात्यात टाकतात. प्रत्येकाचं वेगळं खातं काढत कोण बसतो? दवाखान्यात आबाजीचा नंबर सांगायचा, आबाजी फोनवर ओटीपी वाचून दाखवतो.

मी खुर्चीतून उठलोच. "म्हणजे आज तुमचं त्याच्याशी बोलणं झालं?"

"झालं ना."

"मग सांगितलं काहून नाही? सारं ठाणं त्याले शोधून राह्यलं."

"तुमाले सापडत नव्हता, साहेब. आमाले तं सापडलेलाच व्हता."

तिलाच फोन लावायला सांगितलं. पहिल्याच रिंगला म्हातारा म्हणाला, "बोल माय, आला का नंबर?" आणि विचारताच ठिकाणही सांगून मोकळा झाला. आमच्या लोकांनी त्याला महाप्रसादाच्या कढईपाशी धरला. माझ्या उंचीचा झारा घेऊन भाजी ढवळत होता. ऑपरेशनच्या भीतीने पळालो, म्हणाला.

वाशीमला डॉक्टरांनी पुन्हा पट्टी काढली. हृदय एखाद्या पैलवानाचं. मुलाने बापाचे पाय धरले, मी मिसिंग बंद करायला निघालो. पण डॉक्टरांचा चेहरा उतरलेलाच. जुनी पट्टी खोटी नव्हती, ती कुणाची तरी होती. गावच्या तपासणी शिबिरात अख्ख्या वस्तीने एकच नंबर दिला होता. म्हणजे वस्तीवर कुणीतरी तसं हृदय घेऊन शेतात राबत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. माणूस हरवला तर मिसिंग घेता येते. आजारी सापडेना, फक्त आजार सापडला, तर कलम कोणतं लावायचं, मला आजही सांगता येणार नाही.

म्हातारा मुलाकडे पाहत म्हणाला, "साहेब, आमी सारे शुगर पाहून जेवाले गेलो व्हतो. छातीच्या मशीनवर आमच्या वस्तीतला हा एकटाच झोपला."

"मले काई झालं नाई, बाबा."

मी मुलाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तो सकाळपासून घामाघूम होता. जिना चढताना भिंत धरत होता. मी ते बापाच्या काळजीत जमा केलं होतं. डॉक्टरांनी त्याला तिथंच आडवा केला, पट्टी काढली आणि लगेच अकोल्याची अँब्युलन्स मागवली. तर हा बसेना. हळद शिजवायची राहिलीय म्हणे.

बापाने त्याचं मनगट धरलं. "मी पयून पाह्यलं, लेका. पोलीस धरून आणतेत. बस गाडीत."

बसला, आणि वाचला. पुढच्या वर्षीची हळद त्याने स्वतः शिजवली.

फिर्याद लिहून घेताना आपण कागदाकडे पाहतो, फिर्यादीकडे नाही, हे मला त्या केसने शिकवलं. नंतर कुणी धापा टाकत ठाण्यात आला, की मी पेन खाली ठेवून आधी विचारायचो, तुमची तब्येत कशी आहे? लोक बावचळायचे. एक जण तर, ठाणेदार इतकं गोड बोलतोय म्हणजे आपल्यालाच आत टाकणार, असं समजून आल्या पावली पळाला. धावण्याचा वेग पाहून मी निश्चिंत झालो.