भिडस्त मास्तरांची कंबर

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी निघालाच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, कोट उद्याच हवा, की हे मान डोलावणार. ट्रायलला आलेल्या बाईंनी केकचा तुकडा पुढे केला की तोही घेणार. "आणखी एक घ्या की" म्हटलं तर आणखी एक. भूक असो नसो. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, एवढंच. असा माणूस सुटणार नाही तर काय!

बायको नेमकी उलट. दुकानात मागच्या टेबलाशी बसून काजं-बटणं तीच करायची. तिने चहातली साखर सोडली ती एका दिवसात, पुन्हा चमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यामुळे डॉक्टरांनी "आता गोड बंद, नाहीतर डोळ्यांवर बेतेल," असं मास्तरांना सुनावलं, तेव्हा त्यात अवघड काय आहे तेच तिला कळेना.

"सोडायचं म्हणजे सोडायचं. त्यात काय मोठंसं?"

"हो," मास्तर म्हणाले. तिला तरी ते नाही कसं म्हणणार?

घरी ते निमूटपणे उकडलेल्या भाज्या गिळत. दुकानात, ती जेवायला घरी गेली की, गिऱ्हाइकांचा आग्रह आणि मास्तरांची भीड दोन्ही सुरू. पँट आवळायला लागली तेव्हा त्यांनी मागची शिवण उसवली, आतलं राखलेलं कापड सोडलं आणि पुन्हा टीप मारली. गिऱ्हाइकांची लाज राखायला ते वर्षानुवर्षं हेच करत आले होते. वर सांगत, "कापड आटलं असेल, साहेब." आता स्वतःलाही तेच सांगून मोकळे झाले.

मग एका दुपारी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. दोऱ्याचं टोक ओलं केलं, खिडकीशी गेले, चष्मा पुसला. नेढं दिसेचना. शेवटी गुपचूप सुई बायकोपुढे धरली. तिने उठून उजेडात ओवून दिली, मास्तर वळले, आणि तिला त्यांच्या पँटची मागची शिवण दिसली. जुन्या टिपेची भोकं तशीच होती, ओळीने. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर असं एक भोक मास्तरांनी राहू दिलं नसतं, वाफ देऊन बुजवलं असतं. स्वतःच्या पँटवर त्यांना ती दिसलीच नव्हती.

"कापड आटलं का?" तिने विचारलं.

आता तोफ सुटणार म्हणून मास्तरांनी मान खाली घातली. पण ती मटकन स्टुलावर बसली. बाई घाबरली होती. जन्मभर तिने नवऱ्याला हुकूम सोडले होते. कुणाकडे काही मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"अहो, सगळ्या जगाला तुमच्याच्याने नाही म्हणवत नाही ना? मग मीपण मागते. तुमचे डोळे नीट राहायला हवेत मला. तेवढं द्याल?"

मास्तरांनी मान वर केली. "हो," ते म्हणाले, आणि या वेळी तिच्याकडे बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोट न्यायला आलेल्या साहेबांनी डबा उघडला. "घ्या मास्तर, आईने खास तुमच्यासाठी केक केलाय. एका तुकड्याने काय होतंय?"

मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थबकला. मागच्या टेबलाशी बायकोने काज करायचं थांबवलं होतं, पण मान काही वर केली नाही. साहेबांचा चेहरा आता पडणार, या विचारानेच मास्तरांना घाम फुटला.

"रागावू नका साहेब," ते कसेबसे म्हणाले, "पण मी आधीच एकीला हो म्हणून बसलोय."