माझ्या गळ्यातलं विकायचं आहे

आमच्या दुकानात काळ्या मखमलीचे दोन नकली गळे आहेत. त्यांच्यावर हार टांगलेले असतात आणि तिथेच धूळ खात पडतात. विकलं जातं ते माझ्या गळ्यातलं. ही बढाई नाही, दुकान उघडल्यापासून असंच चाललंय. मी सकाळी एखादा नवा हार घालून काउंटरमागे उभी राहायची. बाई आत यायची, काचेतलं सगळं बघायची, नाक मुरडायची आणि शेवटी माझ्याकडे बोट करून विचारायची, "असं दुसरं आहे का?" मी म्हणायची, "दुसरं कशाला, हेच घ्या की." दोन्ही हात मानेमागे न्यायचे, न बघता आकडा काढायचा, हार तिच्या गळ्यात अडकवायचा आणि आरसा पुढे सरकवायचा. एकदा गळ्यात पडलेला हार बाई सहसा परत देत नाही. कित्येकदा मी संध्याकाळी मोकळ्या गळ्याने घरी जायची आणि आमचे हे विचारायचे, "काय गं, लुटलं वाटतं आज कोणी?"

पण सांगायचंय ते माझं नाही, धाकटीचं. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. घडवायची ती, विकायची मी. तिचे वडील घड्याळजी होते. लग्न करून आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात कपडे कमी आणि हत्यारंच जास्त. बारीक चिमटे, सुईएवढे पेचकस, कानशी, डोळ्याला लावायचं भिंग. मी मनात म्हटलं, घ्या, आता घरभर घड्याळं टिकटिकणार. पण तिने घड्याळाला हात लावला नाही. चांदीची तार आणली आणि वळवायला बसली ती आजतागायत बसलेलीच आहे.

दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल. टेबलाच्या कडेला चामड्याची झोळी ठोकलेली, चांदीचा भुगा खाली सांडू नये म्हणून. तिच्याशी गप्पा मारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "काय चाललंय?" म्हटलं की उत्तर एकच, "बघते." जेवतेस का? बघते. चहा ठेवलाय, पी. बघते. तो चहा मग गार होतो, त्यावर साय धरते आणि शेवटी मीच तो ओतून टाकते. केलेलं प्रत्येक कानातलं आधी स्वतःच्या कानात घालून दिवसभर हिंडणार. संध्याकाळी कान दुखला की कानातलं नापास. कितीही सुंदर असो, वितळवून मोकळी होते. माझा जीव वरखाली होतो आणि तिला त्याचं काही नाही.

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. तोंडाला काही झालं नाही, त्यामुळे आमच्या ह्यांना सुटकेचा निःश्वास टाकावा की नाही तेच कळेना. पाय व्यायामाने हळूहळू ताळ्यावर आला. डावा हात मात्र आलाच नाही. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी त्या हातात मऊ चेंडू ठेवून म्हणते, "दाबा, आजी." एक तर मी आजी नाही, आणि चेंडू तिथेच बसून राहतो.

बरी झाल्यावर पहिल्यांदा दुकानात जायचं म्हणून आरशासमोर बसले. हार उजव्या हातात घेतला आणि मग लक्षात आलं की आकडा अडकवायला दोन हात लागतात. हे पुढे झाले. बिचारे मानेमागे इतका वेळ खुडबुड करत राहिले की माझे केस त्या आकड्यात अडकले. मी हार काढून डब्यात टाकला. चांगली रडले. म्हटलं, मी नाही जायची काउंटरवर. तिथे उभं राहून करू काय? "हा काढून दाखवते हं," म्हणायचं आणि नवऱ्याला हाक मारायची?

माझ्या जागी भावजी, म्हणजे धाकटीचा नवरा, काउंटरवर बसायला लागले. माणूस सोन्यासारखा, पण विकण्याच्या नावाने आनंद. गिऱ्हाइकाने "कसं दिसतंय?" विचारलं की भावजी खरं सांगणार. एके दिवशी ते ह्यांना दबक्या आवाजात म्हणाले, "काउंटरला एखादी मुलगी ठेवू या का? वहिनींना किती दिवस..." पुढचं त्यांनी गिळलं. माझ्या कानांनाही काही झालेलं नव्हतं. घरात माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. मुलं आपापल्या ठिकाणी आहेत. मला माझी म्हणावी अशी एकच जागा होती, त्या काचेमागची, आणि तीच आता कोण्या परक्या पोरीला जाणार होती. तेवढ्यात आतून धाकटी म्हणाली, "इतक्यात नको मुलगी. मी बघते."

मी तिला माझी मागणी सरळ सांगितली. "हे बघ, मला एका हाताने लावता येईल असा आकडा करून दे. बाकी काही नको." ती म्हणाली, "बघते."

तेव्हापासून मी तिच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला लागले. घरी बसून छत किती वेळ बघणार? शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा आहे. त्याच्याकडून ती बिघडलेल्या इअरफोनची पिशवी घेऊन आली आणि त्यांतली मसुराएवढी चुंबकं काढत बसली. चिमट्याने उचलायला जावं तर चुंबक चिमट्यालाच चिकटायचं, झटकलं तर कानशीला. शेवटी तिने लोखंडी हत्यारं बाजूला केली आणि बांबूच्या काड्या तासून घेतल्या.

पहिला तुकडा तिने चुंबक आत बसवून आगीवर झाळला, म्हणजे डाग देऊन जोडला. गार झाल्यावर बघते तर त्यात काही जीवच नाही. कशालाच चिकटेना. "तापलं की मरतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग पद्धत उलटी केली. झाळणं, घासणं, चमकवणं सगळं आधी, आणि चुंबक अगदी शेवटी. चांदीची इवलीशी वाटी, त्यात गोंदाच्या थेंबावर चुंबक आणि वर चांदीचं झाकण दाबून बंद. वरून बघणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. पुढच्या वेळी दोन तुकडे जवळ आणले तर त्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. एका चुंबकाची बाजू उलटी बसली होती. मी म्हटलं, "अगदी आपल्या नणंदांसारखं झालं की गं हे." ती हसली नाही, पण तिचे खांदे हलले. मग तिने माझी लाल नेलपॉलिश न विचारता उचलली आणि प्रत्येक चुंबकाच्या एका बाजूला ठिपका दिला. अजून ती बाटली मला परत मिळालेली नाही.

घाट हळूहळू दिसायला लागला. गळ्याभोवती बसणारी चांदीची लवचीक तार, पुढून उघडी, टोकांशी चुंबकं लपवलेली, एका हाताने बाजूने सरकवली की मानेवर आपोआप बसणारी. पुढच्या फटीत बसायला एक मोठं पान आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोटी पानं. प्रत्येक पान सुटं. जवळ नेलं की टक्कन बसतं, ओढलं की निघतं. मला ते काही पटेना. "अगं, मी आकडा मागितला होता. ही पानं सुटी कशाला? मी काय लहान आहे का, ठोकळे जुळवत बसायला?" ती म्हणाली, "तुम्ही ओढून बघा फक्त. निघतंय का सहज?"

आणि मग माझी परीक्षा सुरू झाली. आधीचं पान इतकं घट्ट होतं की ओढल्यावर तारेसकट मान पुढे यायची. पुढचं इतकं ढिलं की मी खोकले आणि ते चहात पडलं. एकदा मी फ्रिजमधून दूध काढायला वाकले आणि पान दारालाच चिकटून राहिलं. सगळं घर पान शोधतंय आणि ते फ्रिजवर दिमाखात बसलंय. तेव्हा धाकटीने पान आणि चुंबक यांच्यामध्ये जाड पत्रा घातला, पुढून ओढ लागू नये म्हणून. ती मला वाकायला लावायची, जिने चढायला लावायची, खोकायला लावायची. एकदा म्हणाली, "आता जोरात हसा, वहिनी." मी म्हटलं, "हसण्यासारखं उरलंय काय?" त्यावर तिने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं की सकाळी एका बाईने भावजींना विचारलं, या हारात मी बारीक दिसते का, आणि भावजी म्हणाले, हार काही कपडा नाही, त्याने पोट झाकत नाही. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले होते. पान जागचं हललं नाही. धाकटी खाली वाकून ते बघत होती.

तरी तिचं समाधान होईना. "परत काढा. परत लावा. अजून थोडं हलकं हवं, ओढताना तार हलायला नको." मी वैतागले. "अगं, मला हे घालायचंय. दिवसभर काढत बसायचं नाहीये." ती नुसतं "हं" म्हणाली आणि कानस उचलली. मध्येच तिने नुसत्या तारांचा ढीग करून काउंटरच्या खणात टाकला. विचारलं, त्या कशाला? ताकास तूर लागू देईल तर शपथ. माझ्या छातीत कुठलं यंत्र वगैरे नाही ना, गळ्यात चुंबक चालेल ना, हेही ती परस्पर डॉक्टरांना विचारून आली होती. हे मला ह्यांच्याकडून कळलं.

एका सकाळी तिने सगळं माझ्यापुढे ठेवलं आणि खोलीतून निघून गेली. मुद्दाम गेली, हे मला कळलं. मी उजव्या हाताने तार मानेवर सरकवली. मोठं पान उचललं, जवळ नेलं, ते माझ्या बोटांतून निसटून आपल्या जागी जाऊन बसलं. मग छोटी. कोणाची मदत नाही, कोणाला हाक नाही. आरशात बघितलं आणि किती दिवसांनी मला आरशात मी दिसले. त्या क्षणी धाकटी समोर असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. बरं झालं, ती नव्हती; तिला असलं काही सहन होत नाही.

मी काउंटरवर गेले. भावजींनी इतक्या लगबगीने खुर्ची सोडली की मला त्यांची दयाच आली. डावा हात काचेवर ठेवला, नीट दिसेल असा, आणि उभी राहिले.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात, बोटांना खडूची पूड होती. त्यांनी काचेतलं सगळं बघितलं, मखमलीच्या गळ्यांवरचं बघितलं, नाक मुरडलं. मग माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या गळ्यात ते पान आहे ना, तसं दुसरं आहे का?"

इतक्या वर्षांची सवय. मी बोलून गेले, "दुसरं कशाला, हेच घ्या की." आणि हात वर गेला. उजवाच गेला. डावा काचेवर पडून होता. बाई वाट बघत होत्या. आता ह्यांना हाक मारायची? भावजींना?

हात मानेमागे जायचा तो पुढेच थांबला होता, पानावर. मी ओढलं. टक्. पान माझ्या हातात आलं आणि तार जागची हललीसुद्धा नाही. मग खणातला तो तारांचा ढीग आठवला. एक तार बाईंना दिली, त्यांनी ती आपली आपण मानेवर सरकवली. मी पान पुढे नेलं. त्यांच्या गळ्यापाशी पोचतंय न पोचतंय तोच ते जाऊन बसलं, अगदी बरोबर मधोमध. त्या दचकल्या आणि मग हसायला लागल्या. मी त्याच हाताने आरसा पुढे सरकवला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "असंच घालून जाते."

त्या गेल्या आणि मला घाम फुटला. धाकटीने महिनोन्‌महिने डोळे फोडून माझ्यासाठी केलेली वस्तू मी पहिल्याच सकाळी विकून टाकली होती. वळून बघते तर ती मागच्या खोलीच्या दारात उभी. भिंग कपाळावर सरकवलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"अगं, विकलं गं मी ते," मी म्हटलं. "तोंडातून गेलं. तुझी एवढी मेहनत."

ती जवळ आली आणि मूठ उघडली. तळहातावर तसंच एक पान. तिने ते माझ्या गळ्यातल्या फटीजवळ नेलं, ते टक्कन बसलं. स्वतःच्या कामाबद्दल एवढं लांब ती जन्मात कधी बोलली नसेल. म्हणाली, "नुसतं घालायचं असतं तर तुम्ही म्हणालात तसा आकडा करून दिला असता, वहिनी. तो दोन दिवसांचं काम. तुम्हाला काढून देता यावं म्हणून एवढा वेळ लागला."

मी काउंटरवरच रडायला लागले. भावजी घाबरून पाणी आणायला पळाले. मी तिचा हात धरून म्हटलं, "तू या घरात आलीस हे माझं नशीब. तू नसतीस तर मी घरी बसून ह्यांचं डोकं खात म्हातारी झाले असते." तिने हात थोडा वेळ राहू दिला, तिच्या मानाने बराच वेळ. मग म्हणाली, "चहा गार होतोय माझा," आणि आत गेली. त्या दिवशी तिने तो पूर्ण प्यायला.

खणात आता तारा भरलेल्या असतात आणि तिच्या टेबलावर पानं. मुलगी ठेवायचं नाव भावजी काढत नाहीत. आणि मी अजूनही कधीकधी संध्याकाळी मोकळ्या गळ्याने घरी जाते.