रजियाला कुणी विचारलं नाही

रजिया गेल्याचं तिच्या मुलीने, नजमाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी फ्रिजमध्ये लशी लावत होते. परळीच्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स आहे. साध्या फ्लूने सुरुवात, मग न्यूमोनिया, आणि संपलं. पण फ्लूची लस तर तिने घेतली होती... मीच टोचली होती.

सिरसाळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला आणि कित्येक वर्षं रजिया त्यांच्याच मागे राहिली. दार उघडं दिसलं की त्या माहेरी तलवाड्याला निघायच्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची पद्धत आहे. लोक मोसंबी, बिस्किटं घेऊन यायचे, सासूबाईंची चौकशी करायचे, रजियाने केलेला चहा पिऊन जायचे. तू झोपतेस का, असं तिला कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. ती वाळत गेली, बोलता बोलता मध्येच थांबायला लागली.

पावसाळ्याआधी सासू-सुना दोघींना मी एकाच दिवशी फ्लूची लस दिली. "आजार पळवायची सुई हाय तुझ्याकडं," रजिया म्हणाली, "सासू पळू नये म्हून न्हाई का एखादी?"

"दंड ढिला सोड आधी."

"लई कडक हायस बाई तू."

पुढे दोघींनाही ताप आला. सासूबाई चार दिवसांत उठून बसल्या. रजिया उठली नाही.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, रजियासाठी दुआ मागायला, बायका जमल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतली एक बाई तोंडावर म्हणाली, "सिस्टर, सुई घिऊन बी गेली ती. मग आमी कशाला घ्यायची?" मला राग आला नाही. हेच मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, लस फक्त शत्रू दाखवते, लढायची तयारी शरीरालाच करावी लागते. वर्षानुवर्षं जिवाला घोर आणि डोळ्याला डोळा नाही, अशा शरीराची तयारी कमी पडू शकते. रजियाचं तसंच झालं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी त्या बाईंना तेवढंच सांगितलं. "लस घ्याच. अन् आजाऱ्याला भेटाया जाल तवा, त्याच्यापाशी जी बसलेली आसंल तिला घटकाभर उठवा." त्यांनी मान हलवली. पटलं का, माहीत नाही.

काही दिवसांनी त्यांच्या घरी गेले तर सासूबाईंच्या खाटेजवळ नजमा. आईसारखेच खोल गेलेले डोळे, तशीच अर्धवट वाक्यं.

"मावशी, चहा ठिवते."

"चहा नको. माझ्या घरी जाऊन झोप."

"दादी उठली तर?"

"मी हाय की."

सासूबाईंना आडवं केलं तर त्यांनी एक हात माझ्यापुढे धरला आणि वाट पाहत राहिल्या. मला कळेना. नजमा दारातून म्हणाली, "अम्मी ओढणीचं टोक बांधायची दादीच्या मनगटाला. ती हालली की जाग यावी म्हून. रोज."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

आता सुटीच्या दिवशी दुपारी मी तिथे असते. पदराचं टोक बांधते आणि खाली चटईवर पडते. डोळा लागतो न लागतो तोच पदर ओढला जातो... पुन्हा लागतो, पुन्हा ओढला जातो.

"रजिया," सासूबाई डोळे मिटूनच म्हणतात.

"हाय अम्मा," मी म्हणते. पलीकडे माझ्या घरात नजमा झोपलेली असते.