गॅसवरची गाडी आणि पेटलेलं निरांजन

मंडळी, आज लय दमलोय. जुन्या पेट्रोल गाडीत पलंग, ओटा बसवून मी फिरतं घर केलंय. तिला आज आष्ट्यात गॅस किट बसवलं. सकाळपासून स्टार्टच होईना. दुपारी एकदाची सुरू झाली, तशी बायको ओवाळायला निरांजन घेऊन आली.

सलीम मिस्त्री पाइपच्या जोडाला साबणाचा फेस लावून बघत होता. ओरडला, "वैनी, थांबा. गॅस गळतोय. आधी दिवा इझवा."

"ओवाळायचा दिवा फुंकत न्हाईत," म्हणत ती तळहाताआड ज्योत धरून रस्त्यापलीकडं गेली. गळती थांबेपर्यंत उन्हात उभी राहिली.

मिस्त्रीनं हो म्हटल्यावर तिनं ओवाळलं. मी म्हटलं, "आता थेट औंधला, यमाईला."

"आधी घरी चला. पाय मोडलं माझं."

आता फिरतं घर अंगणात उभं आहे आणि ती खऱ्या घरात झोपली आहे. मी नेमकं कुणासाठी केलं हे, सांगा बरं?